अवशेष आणि अनुमान : ‘माइनक्राफ्ट’च्या अकथित पूर्ववृत्ताचा इतिहास

कथनमीमांसेत ‘पूर्ववृत्त’ ही संज्ञा ज्या अर्थाने वापरली जाते त्यात एक गृहीत दडलेले असते. निवेदन सुरू होण्यापूर्वी काही घडून गेलेले आहे, ते निवेदनात अध्याहृत आहे, आणि ते कोणाच्या तरी मनात, मग तो लेखक असो की परंपरा, आधी आकारलेले आहे. वाचक त्याची निर्मिती करीत नाही. सूचक खुणांच्या आधारे त्याची पुनःप्राप्ती करतो. ‘माइनक्राफ्ट’ या स्वीडनमध्ये जन्मलेल्या संगणकीय खेळाने हे गृहीत अडचणीत आणले आहे. या खेळात कथानक नाही. नायकाला चरित्र नाही. खेळणाऱ्याला कोणतेही उद्दिष्ट नेमून दिलेले नाही. तो जमीन खणतो, ठोकळे रचतो, रात्री जिवंत राहतो, एवढेच. ऑक्टोबर २०२३ पर्यंत तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेलेल्या या खेळाला त्याच्या वाचकांनी मात्र (येथे ‘वाचक’ हाच शब्द योजणे भाग आहे) एक सविस्तर प्राचीन इतिहास बहाल केला आहे. त्यात एक लुप्त झालेली स्थापत्यनिपुण जमात आहे, युद्धे आहेत, परागंदा होणे आहे, रूपांतर आहे. हा इतिहास कोणी लिहिला, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

मार्कुस पर्सन याने खेळाची पहिली आवृत्ती मे २००९ मध्ये लोकांपुढे ठेवली. झॅकरी बार्थचा ‘इन्फिनिमायनर’ आणि टार्न व झॅक अॅडम्स या बंधूंचा ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हे खेळ त्याच्यापुढे होते. २०१० मध्ये या जगाची मूळची सीमा नाहीशी झाली. एका बीजांकापासून आज्ञावली डोंगर, नद्या, गुहा निर्माण करीत जाते. हे जग मध्यबिंदूपासून चारही दिशांना सुमारे तीन तीन कोटी ठोकळे पसरते. प्रत्येक बीजांकाचे जग वेगळे. ते कोणीही पूर्ण पाहिलेले नाही, निर्मात्यानेही नाही. या विधानाचा वाच्यार्थच घ्यावयाचा आहे, लक्षणेला येथे वाव नाही.

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’शी तुलना उद्बोधक ठरते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या खेळात जग निर्माण होताना त्याचा इतिहासही निर्माण होतो. राज्ये उभी राहतात व कोसळतात, व्यक्ती जन्मतात व मारल्या जातात, आणि या सर्वांची बखर यंत्र ठेवते. ती उघडून वाचता येते. तेथे भग्न दुर्ग आढळला तर तो केव्हा व कोणी पाडला याचे उत्तर असते. ‘माइनक्राफ्ट’ने भूरचनेची प्रेरणा घेतली, बखर घेतली नाही. परिणामी त्याच्या जगाला भूगोल आहे आणि भूतकाळ नाही. पुढील सर्व गुंतागुंत या एका वगळण्यातून उद्भवलेली आहे.

सामान्य समजूत अशी की, आधी खेळात भग्नावशेष आले आणि मग ते पाहून लोकांनी कथा रचल्या. कालक्रम याच्या उलट आहे. ऑगस्ट २०१० मध्ये ‘हेरोब्राइन’ नावाच्या आकृतीची वार्ता पसरली. खेळाडूच्याच रूपाचा, पण पांढऱ्या रिकाम्या डोळ्यांचा एक पुरुष धुक्याच्या कडेला उभा राहून पाहतो व नाहीसा होतो, अशी ती वार्ता. तो पर्सनच्या मृत भावाचा आत्मा आहे, अशी जोडही तिला मिळाली. असा भाऊ नव्हता. अशी आकृतीही खेळात नव्हती. साहित्यविचाराच्या दृष्टीने लक्षणीय बाब भुताची नाही, त्याच्या खुणांची आहे. मूळ वार्तेत हेरोब्राइनच्या अस्तित्वाचे पुरावे म्हणून खडकात खणलेले दोन ठोकळे रुंदीचे बोगदे, समुद्रात वाळूचे रेखीव छोटे पिरॅमिड आणि पाने छाटलेली झाडे यांचा उल्लेख होता. म्हणजे भूप्रदेशाकडे ‘कोणाच्या तरी कृतीचा माग’ म्हणून पाहण्याची दृष्टी आधीच तयार झालेली होती. त्या वेळी या जगात वास्तू म्हणाव्यात अशा जवळजवळ नव्हत्याच: जमिनीखालची एखादी शेवाळलेल्या दगडांची खोली, आणि २०१० च्या आरंभी काही काळ दिसून नंतर काढून टाकलेले विटांचे पिरॅमिड. एकट्याने खेळावयाचे निर्मनुष्य जग, यंत्राच्या मर्यादेमुळे दूरवरचे झाकून टाकणारे धुके, आणि आपण सोडून येथे कोणी नाही याची खात्री करून घेण्याचा कोणताही मार्ग नसणे, या परिस्थितीने वाचन घडविले. संहिता मागाहून आली.

निर्मात्यांची प्रतिक्रिया तर अधिकच मार्मिक आहे. मे २०११ पासून नव्या आवृत्तीतील बदलांच्या याद्यांमध्ये ‘हेरोब्राइनला काढून टाकले’ अशी नोंद अधूनमधून येऊ लागली. जे नव्हते ते पुनःपुन्हा काढले गेले. निषेधाने अस्तित्व सिद्ध करण्याचा हा प्रकार विनोदाने केलेला होता हे उघड आहे. पण वाचकांची कथा आणि निर्मात्यांची संहिता यांच्यातील सीमारेषा त्या विनोदातच प्रथम पुसली गेली.

सप्टेंबर २०११ मधील आवृत्तीने, जिला ‘साहस आवृत्ती’ असे नाव होते, परित्यक्त खाणी, गावे व भूमिगत गढ्या आणल्या. खाणीत रूळ आहेत, तुळया आहेत, कोळ्यांची जाळी आहेत, खाणकामगार नाहीत. गढीत तुरुंगाच्या कोठड्या आहेत आणि ग्रंथालय आहे. त्या ग्रंथालयातील फडताळ फोडले तर तीन कोरी पुस्तके हाती येतात. त्यानंतर वाळवंटातील व जंगलातील मंदिरे आली (२०१२), समुद्रतळीची स्मारके आली (२०१४), ‘एंड’ नामक परलोकातील नगरे व जहाजे आली (२०१६), भग्न द्वारे आली (२०२०). भग्न द्वाराचे उदाहरण कळीचे आहे. दुसऱ्या लोकात जाण्याची ही चौकट मोडलेल्या अवस्थेतच जगात अवतरते. तिचे काही दगड गळालेले असतात, भोवतालची जमीन परलोकाच्या मातीने डागाळलेली असते, जवळ पेटीत सोने असते. ती कधीही अभंग नव्हती. भंगलेपण ही तिची उत्तरावस्था नसून मूळ अवस्था आहे.

या पेचाला एक जुने नाव आहे. १८५७ मध्ये फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ‘ओम्फालोस’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ईश्वराने सृष्टी निर्माण केली ती वयाच्या खुणांसकट: वृक्ष वलयांसह, आदिमानव नाभीसह, खडक जीवाश्मांसह. जीवाश्म ज्या प्राण्यांची साक्ष देतात ते प्राणी कधी जगलेच नसतील. चार्ल्स किंग्स्लीने यावर घेतलेला आक्षेप नैतिक होता: मग ईश्वर खोटे बोलतो असे होईल. गॉसचे शास्त्र कोणी स्वीकारले नाही. ‘माइनक्राफ्ट’मध्ये मात्र ते अक्षरशः खरे आहे. २०१६ मध्ये या जगाच्या वाळवंटांखाली व दलदलींखाली प्रचंड प्राण्यांचे सांगाडे पुरले गेले. ते प्राणी जगात कोठेही नाहीत, आणि कधी नव्हते. किंग्स्लीचा आक्षेप मात्र येथे लागू पडत नाही, कारण अठराव्या शतकातील इंग्रज जमीनदारांनी हॅग्लेसारख्या ठिकाणी आपल्या उद्यानांत बांधून घेतलेल्या कृत्रिम भग्न किल्ल्यांप्रमाणे येथेही पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही. तो फसवणुकीत सहभागी असतो.

तरीही प्रश्न उरतो: भग्न द्वारापासून लुप्त जमातीपर्यंत वाचक पोहोचतो तो कोणत्या व्यापाराने? येथे अकराव्या शतकातील काश्मिरी वाद उपयोगी पडतो, आणि तो केवळ अलंकरणासाठी ओढून आणण्याचे कारण नाही. आनंदवर्धनाने ध्वनी हा शब्दाचा स्वतंत्र व्यापार मानला. महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेका’त त्याला विरोध केला: ज्याला तुम्ही व्यंजना म्हणता ते वाच्यार्थावरून केलेले अनुमानच होय. यावर मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त दिलेले उत्तर असे की, अनुमानाला निश्चित व्याप्ती लागते, काव्यातील हेतू अनैकान्तिक असतो, तो अनेक निष्कर्षांकडे जाऊ शकतो, म्हणून तो तर्काच्या कसोटीस उतरत नाही, आणि तरीही अर्थ प्रतीत होतो.

‘माइनक्राफ्ट’चे बहुसंख्य भाष्यकार स्वतःला महिमभट्टाच्या पक्षात समजतात. मॅथ्यू पॅट्रिक या अमेरिकन भाष्यकाराने २०२० पासून आपल्या ‘गेम थिअरी’ या दृक्श्राव्य मालिकेत मांडलेली उपपत्ती हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. सर्व वास्तू एकाच प्राचीन जमातीच्या आहेत. ‘विदर’ या त्रिमुखी राक्षसाशी तिचा संघर्ष झाला. ती ‘एंड’मध्ये पळाली, ड्रॅगनमुळे तेथेच अडकली, तेथील विचित्र फळांवर जगली आणि कालांतराने उंच, काळ्या, जांभळ्या डोळ्यांच्या ‘एंडरमॅन’ या जीवांत रूपांतरित झाली. ते फळ खाणारा क्षणात दुसरीकडे फेकला जातो. एंडरमॅनही क्षणात स्थलांतर करतो. एंडरमॅन ठोकळे उचलून नेतो. बांधणाऱ्यांचा वारसा म्हणून हे शोभते. मांडणी चातुर्याची आहे, तिच्यात पुराव्यांची शिस्त आहे आणि ती ऐकताना आनंद होतो. परंतु ती अनुमान नाही. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती आपल्या जगात टिकते, कारण धुराला कारण असते. या जगात भग्न द्वाराला कारण नाही, आज्ञावलीतील संभाव्यता आहे. ‘जे जे भग्न ते ते पूर्वी अभंग’ ही व्याप्तीच येथे असिद्ध आहे.

मग हे वाचन पोरकट ठरते काय? तसे म्हणणे घाईचे होईल. मम्मटाचे उत्तर दुसऱ्या बाजूने वाचले तर हेतू अनैकान्तिक असूनही अर्थाची प्रतीती नाकारता येत नाही. परित्यक्त खाणीत शिरणाऱ्याला ‘कोणीतरी येथे होते’ हे जाणवते, आणि ही जाणीव प्रमाणाने सिद्ध किंवा असिद्ध होण्याच्या जातीची नाही. अडचण वेगळीच आहे. व्यंजनेच्या सिद्धीसाठी शास्त्रकारांनी वक्ता कोण, श्रोता कोण, प्रसंग कोणता, अशा विशेषांची गरज सांगितली. येथे वक्त्याचा शोध घेतला तर काय आढळते? द्वाराच्या भग्न आकृती कोणा माणसाने रेखलेल्या आहेत. ती आकृती या टेकडीवर, या तळ्याकाठी का उभी आहे, हे मात्र यंत्राने ठरविले. पद माणसाचे, वाक्य यंत्राचे. बार्थने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली तेव्हा त्याच्यापुढे निदान मारण्याजोगा लेखक होता. येथे पदालाच अर्थ आहे आणि वाक्याला नाही, अशी अवस्था आहे. वाक्यार्थाचे सगळे ओझे सहृदयावर पडते. वर उल्लेखिलेल्या उपपत्तीचा दोष तिच्या कल्पकतेत नाही. पदांवरून जेवढे व्यंजित होते त्यापलीकडे जाऊन ती वाक्यार्थालाही कर्ता आहे असे धरून चालते, हा तो दोष.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. काही वास्तूंमध्ये वाक्यही माणसानेच रचलेले असते. २०१६ मध्ये आलेल्या बर्फघरांपैकी काहींत गालिच्याखाली गुप्त दार असते. खाली तळघरात शेजारशेजारच्या कोठड्यांत एक गावकरी आणि एक प्रेतरूप झालेला गावकरी कोंडलेले. जवळ दुर्बलतेचे औषध आणि पेटीत सोनेरी सफरचंद. या मांडणीतून एका प्रयोगाची व प्रयोग करणाऱ्याची कथा स्पष्ट सूचित होते. पण ती कथा नेमके काय सांगते? प्रेतरूप गावकऱ्याला बरे कसे करावयाचे, हे. त्याच प्रकारे विदर कसा घडवावयाचा हे खेळातील एका चित्रात दाखविलेले आहे. २०२२ मध्ये आलेल्या प्राचीन नगरांच्या मध्यभागी, भिंतीआड, कंपनाने चालणाऱ्या यंत्ररचनांची एक गुप्त प्रयोगशाळा आहे. हे सर्व खेळाचे नियम शिकविणारे पाठ आहेत. दीर्घकाळ सूचनापुस्तिका न देणाऱ्या या खेळाने आपली पुस्तिका भूतकाळाचा वेष देऊन जमिनीखाली पुरली. पुराणकथेच्या मिषाने विधी सांगणे ही रीत आपल्याकडील व्रतकथांच्या वाचकांना नवी वाटू नये. अर्थवाद विधीच्या सेवेत असतो, हे मीमांसकांचे म्हणणे येथे चपखल बसते.

याच्या अगदी उलट टोकाला मंत्रपीठाची लिपी आहे. २०११ च्या अखेरच्या आवृत्तीतील या पीठावर हत्यारे अभिमंत्रित करताना अज्ञात अक्षरांतील ओळी दिसतात. ही लिपी टॉम हॉलने ‘कमांडर कीन’ या १९९० मधील खेळासाठी रचलेली होती. तिची उकल करणे कठीण नाही. उकल केल्यावर जे हाती येते ते मात्र शब्दांचे यदृच्छेने काढलेले जुडगे: कोठे लवक्राफ्टच्या कथांतील दैवतांची नावे, कोठे १९५१ च्या एका चित्रपटातील परग्रहवासीयांचा उद्गार, कोठे १९७० च्या दशकातील ‘अॅडव्हेंचर’ या संहितानिष्ठ खेळातील जादूचा शब्द, आणि एक फ्रेंच पाव. त्या ओळीचा प्रत्यक्ष मिळणाऱ्या मंत्राशी काहीही संबंध नसतो. नाशिकच्या लेण्यांना लोकांनी ‘पांडवलेणी’ म्हटले ते भिंतीवरची ब्राह्मी वाचता येत नव्हती तोवर स्वाभाविकच होते. १८३७ मध्ये प्रिन्सेपने त्या लिपीची उकल केली आणि पुढे त्या लेखांतून क्षहरात व सातवाहन राजघराण्यांची दाने बोलू लागली. आख्यायिकेच्या जागी इतिहास आला. ‘माइनक्राफ्ट’मध्ये लिपी वाचल्यावर आख्यायिकेच्या जागी काहीच येत नाही. अज्ञान दूर झाल्यावर उरते ती निर्मात्यांच्या वाचनाची व आवडीनिवडीची यादी. हाही एक इतिहास आहे, पण तो त्या जगाचा नव्हे, निर्मात्यांच्या पिढीचा.

खरे तर संगणकीय खेळांतील गुप्ततेचा उगमच कर्तृत्वाच्या प्रश्नात आहे. अटारी ही कंपनी आपल्या रचनाकारांची नावे खेळावर छापत नसे. वॉरन रॉबिनेटने तिच्यासाठी रचलेल्या ‘अॅडव्हेंचर’मध्ये (वर उल्लेखिलेल्या खेळाचेच हे दृश्य रूपांतर, ते १९८० मध्ये बाजारात आले) एक गुप्त खोली ठेवली, आणि त्या खोलीत केवळ आपले नाव. डानिएल रोझेनफेल्ड या जर्मन संगीतकाराने ‘माइनक्राफ्ट’साठी केलेली ‘११’ ही तबकडी त्याच परंपरेतील आहे. एकाहत्तर सेकंदांच्या या तबकडीत संगीत नाही. पावले, खोकला, कागदाची सळसळ, धावणे आणि मध्येच तुटलेला आवाज आहे. एखाद्या बळीची अखेरची नोंद म्हणून ती असंख्यांनी ऐकली. तिचा ध्वनिवर्णपट काढला असता एक चेहरा व काही आकडे दिसतात.

खेळात कर्त्याची वाणी उघडपणे ऐकू येते ती एकदाच. ड्रॅगनला मारून परतीच्या द्वारात पाऊल टाकल्यावर सुमारे नऊ मिनिटे एक दीर्घ गद्यकाव्य पडद्यावरून वर सरकत जाते. दोन अनाम वाणींचा तो संवाद आहे; त्यांना केवळ अक्षरांच्या रंगावरून वेगळे ओळखता येते. त्या खेळाडूविषयी बोलतात, त्याचे नावही घेतात. काही शब्द मुद्दाम अवाच्य केलेले आहेत. आयरिश लेखक ज्युलियन गॉफ याने २०११ मध्ये ते लिहिले. अकथित इतिहासाचा उलगडा येथे होईल या अपेक्षेने आलेल्याला येथे तो मिळत नाही. या वाणी जगाच्या भूतकाळाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाहीत. त्यांचा विषय खेळणे, स्वप्न पाहणे आणि जागे होणे हा आहे. उपपत्तिकारांनी या संहितेकडे केलेले दुर्लक्ष बोलके आहे. खेळातील एकमेव साहित्यिक संहिता त्यांना पुरावा म्हणून निरुपयोगी वाटते, कारण ती काही लपवीत नाही.

तिचा पुढचा वृत्तान्त मात्र लक्षवेधक आहे. गॉफने स्वतः सांगितल्याप्रमाणे त्याला २०,००० युरो मिळाले, पण हक्क सोडण्याच्या करारावर त्याने कधीच सही केली नाही. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर देऊन हा खेळ त्याच्या कंपनीसह विकत घेतला, तेव्हाही ती सही नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये गॉफने ते काव्य कोणालाही मुक्तपणे वापरता यावे म्हणून सार्वजनिक करून टाकले. लक्षावधी खेळाडूंनी फुकट रचलेल्या पूर्ववृत्ताचे मूल्य कोणाच्या खात्यात जमा होते, हा प्रश्न मात्र कोणत्याही करारात नाही. ‘सँडबॉक्स’ खेळाचे आयुष्य त्याच्या अपूर्णतेवर अवलंबून असते, आणि अपूर्णता भरून काढणारे श्रम वाचकाचे असतात.

निर्मात्यांना हे उमगले आहे, असे २०२२ नंतरच्या वास्तूंवरून दिसते. प्राचीन नगराच्या मध्यभागी सहजी न फुटणाऱ्या दगडाची एक प्रचंड चौकट आहे. ती द्वारासारखी दिसते. ती उघडत नाही. तिचा अर्थ निर्मात्यांनी सांगितलेला नाही. तेथील पेट्यांत ‘५’ या तबकडीचे तुकडे सापडतात. नऊ जमविल्यावर ती वाजते, आणि ‘११’ प्रमाणे तीतही पावले व पाठलाग आहे. पूर्वीच्या वास्तूंत मौन हे वगळण्याचे फल होते. येथे ते रचलेले आहे. उपपत्ती येणार हे जाणून तिच्यासाठी जागा राखून ठेवली गेली. ईझर ज्यांना रिक्त जागा म्हणतो त्या आता वाचकाच्या सवयीचे माप घेऊन कापल्या जाऊ लागल्या. याने रहस्य वाढते की नाही याविषयी शंकेला जागा आहे. २०११ च्या त्या खाणीत कोणी आपली वाट पाहत नव्हते, हीच तिची शक्ती होती.

जून २०२३ मध्ये खेळात उत्खनन आले. जमिनीत जवळजवळ पूर्ण बुडालेल्या वस्त्यांचे अवशेष, संशयास्पद वाळू आणि खडी, आणि ती हळुवार झाडावयाचा कुंचला. त्यातून मातीच्या भांड्यांचे चित्रांकित तुकडे निघतात: कोणी हात उंचावलेला, कोणी शोक करणारा, एक कवटी, एक भंगलेले हृदय, एक धनुर्धर. कोणता तुकडा कोणत्या भांड्याचा होता हे जाणण्याचा मार्ग नाही, कारण ते भांडे नव्हते. खेळाडू कोणतेही चार तुकडे घेतो, हव्या त्या क्रमाने जोडतो आणि एक सबंध भांडे तयार होते. चार बाजूंना चार चित्रे. ते फिरवून पाहिले की कथा सुरू झाल्यासारखी वाटते. पुढे हत्याराचा घाव घालून फोडले तर तेच चार तुकडे परत मिळतात, आणि दुसऱ्या क्रमाने जोडता येतात.